हर्न मास्तरांची गुरुदक्षिणा

निरोपाच्या समारंभात विद्यार्थ्यांनी मास्तरांना काय द्यावे, याचे आपल्याकडे एक ठरून गेलेले माप आहे. शाल, श्रीफळ, एखादे मानपत्र. वर्गणी बरी जमली तर मनगटी घड्याळ किंवा चांदीचे तबक. मास्तरही ते भरल्या गळ्याने घेतात, चार शब्द बोलतात, आणि मानपत्र पुढे कित्येक वर्षे बैठकीच्या भिंतीवर टांगलेले राहते. पण १८९१ साली पानगळीच्या दिवसांत जपानमधल्या मात्सुए या गावी दोनशे एक्कावन्न शाळकरी मुलांनी आपल्या इंग्रजीच्या मास्तरांना निरोपादाखल जी वस्तू दिली, ती या मापात बसणारी नव्हती. ती होती एक तलवार. तीही जुन्या सरदारी अमदानीतली. किरमिजी लाखेच्या म्यानावर रुप्याचे सिंह खेळताहेत, त्यांचे डोळे सोन्याचे, आणि मुठीवरही तेच सिंह पसरलेले, अशी.

मास्तर जपानी नव्हते. गावात येऊन त्यांना पुरते सव्वा वर्षही झाले नव्हते. जपानी भाषा त्यांना धड बोलता येत नव्हती, वाचता तर त्याहूनही येत नव्हती. एका डोळ्याने ते आंधळे होते आणि दुसऱ्याने पुस्तक नाकाशी धरल्याशिवाय दिसत नव्हते. त्यांचे नाव लाफ्काडिओ हर्न. अशा परक्या माणसाच्या हाती या मुलांनी तलवार का दिली, ती घेताना तो काय बोलला, आणि त्या देण्याघेण्याचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

हर्न हे काही जन्माचे मास्तर नव्हेत. त्यांचा जन्म १८५० सालचा, ग्रीसच्या पश्चिमेच्या लेफ्कादा बेटावरचा. लाफ्काडिओ हे नाव त्या बेटावरूनच पडले. आई ग्रीक, वडील आयरिश, इंग्रजांच्या फौजेत डॉक्टर. मूल लहान असतानाच आईबापांचे फाटले. आई ग्रीसला निघून गेली ती मुलाला पुन्हा दिसली नाही. बापाने दुसरे लग्न केले आणि तो नोकरीवर हिंदुस्थानात, आपल्या दख्खनच्या सिकंदराबादला येऊन राहिला. परत जाताना १८६६ साली सुएझजवळ बोटीवर वारला. मुलाला डब्लिनमध्ये एका वृद्ध चुलत आजीने सांभाळले. शाळेत सोळाव्या वर्षी खेळताना डावा डोळा गेला. पुढे आजीचा पैसाही बुडाला, आणि एकोणिसाव्या वर्षी हा मुलगा जवळजवळ रिकाम्या खिशाने अमेरिकेत येऊन पडला. तिथे वीस वर्षे त्याने वर्तमानपत्रांत कलम घासले. १८९० च्या एप्रिलमध्ये एका अमेरिकन मासिकासाठी लेख लिहायला म्हणून हर्न योकोहामाला उतरले, आणि थोड्याच दिवसांत त्या मासिकाशी त्यांनी भांडण करून घेतले. आता पोटासाठी काहीतरी करणे भाग होते. टोकियोच्या विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवणारे चेंबरलेन यांनी खटपट केली आणि हर्न यांना मात्सुएच्या शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली. पगार महिना शंभर येन. तिथल्या मानाने तो भरपूर होता.

तो काळ मोठा विलक्षण होता. १८६८ साली जपानमध्ये राज्यक्रांती होऊन मेइजी बादशहांचा अंमल सुरू झाला. १८७१ मध्ये सरदारांच्या जहागिरी खालसा झाल्या. १८७६ मध्ये सरकारचा हुकूम निघाला, की यापुढे सैन्य आणि पोलीस सोडून कोणीही कमरेला तलवार लावायची नाही. सामुराईंचे तनखेही त्याच वर्षी बंद करून त्यांच्या हाती सरकारी कर्जरोखे दिले गेले. पिढ्यान्‌पिढ्या तलवारीवर जगलेली घराणी एकाएकी कारकुनी, दुकानदारी, विणकाम असल्या धंद्यांत आली, आणि पुष्कळशी त्यात बुडालीही. एकीकडे हे, आणि दुसरीकडे सरकारने शेकडो परदेशी शिक्षक, इंजिनियर, डॉक्टर मोठ्या पगारावर बोलावून आणलेले. पाश्चात्त्यांची विद्या त्यांच्याकडूनच शिकायची, आणि शिकून झाली की त्यांना मानाने निरोप द्यायचा, असा एकंदर हिशेब. हर्न त्या मालिकेतले एक.

मात्सुए हे शिंजी सरोवराच्या काठचे गाव. इझुमो प्रांताचे ठाणे, मात्सुदाइरा घराण्याची जुनी राजधानी. किल्ला अजून उभा होता. शाळेतली पुष्कळ मुले त्याच जुन्या सामुराई घरांतली. ३० ऑगस्ट १८९० रोजी हर्न तिथे पोहोचले आणि सप्टेंबरपासून माध्यमिक शाळेत व नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षकांना तयार करणाऱ्या शाळेत, शिकवू लागले. मुख्याध्यापकांच्या जागी काम पाहणारे निशिदा सेन्तारो म्हणून एक हुशार तरुण शिक्षक होते. त्यांनी परक्या मास्तरांचा हात धरला. वर्गात काय, बाजारात काय, देवळात काय, निशिदा बरोबर असत.

शिकवायचे कसे, हे हर्न यांना कोणी शिकवले नव्हते. पण त्यांनी एक गोष्ट केली. मुलांना ते साधे साधे विषय देत आणि इंग्रजीत निबंध लिहून आणायला सांगत. चंद्र, बेडूक, डास, एखादे फूल. एका मुलाने लिहिले, की बोतानचे फूल दिसायला मोठे देखणे असते खरे, पण त्याचा वास चांगला नाही. तेव्हा माणसाने नुसत्या रूपाला भुलू नये. इंग्रजी मोडकेतोडकेच. पण हर्न यांना त्यात भाषेच्या चुकांपेक्षा मुलांचे मन दिसू लागले. त्या वह्या ते जपून ठेवीत. लेखक होते ना ते! त्यांना कळून चुकले, की या देशाची खरी माहिती वाटाड्याकडून मिळायची नाही. ती या पोरांच्या वह्यांतून मिळेल. पाहा, पगार घेऊन शिकवायला आलेला मास्तर पहिल्या काही महिन्यांतच घेणेकरी झाला होता.

मग मुले घरीही येऊ लागली. येताना कधी फुले आणीत. कधी घरातली एखादी जुनी वस्तू, एखादे चित्र, एखादे पुस्तक पदराआड आणीत, ते द्यायला नव्हे तर नुसते दाखवायला. आजोबा-पणजोबांची ती ठेव असे. मास्तरांनी ती हातात घेऊन, डोळ्याशी नेऊन पाहावी, एवढीच इच्छा. मुले बसत, फार बोलत नसत, आणि वेळ झाली की उठून जात. ज्या घराने आपली जमीन गमावली, तनखा गमावला, त्या घरातले हे उरलेसुरले वैभव मुलगा परक्या माणसापुढे उलगडून दाखवतो, यात किती विश्वास होता ते सांगायला नको.

त्या हिवाळ्यात हर्न आजारी पडले. मात्सुएची थंडी ग्रीस आणि मार्टिनिक बेटाचे ऊन पाहिलेल्या माणसाला सोसली नाही. परदेशी शिक्षक एकटा पडला असेल, त्याला करमत नसेल, असे मनात येऊन तिथल्या गव्हर्नरांच्या, कोतेदा यासुसादा यांच्या मुलीने त्यांच्याकडे एक भेट पाठवली. ती काय असावी? एक पाखरू. उगुइसु नावाचा, आकाराने चिमुकला, रंगाने अगदी साधा पक्षी. पण त्याचा गळा असा, की जपानी कवी त्याच्यावर शेकडो वर्षे लिहीत आले आहेत. आणि गंमत अशी, की हा पक्षी ‘होक्केक्यो, होक्केक्यो’ म्हणतो असे जपानी कानाला ऐकू येते. होक्केक्यो म्हणजे आपला सद्धर्मपुंडरीक सूत्राचा ग्रंथ. हिंदुस्थानात संस्कृतात रचलेले हे बौद्ध सूत्र कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये चिनी भाषेत आणले आणि तिथून ते जपानात गेले. तेव्हा आयरिश बापाचा आणि ग्रीक आईचा हा मुलगा मात्सुएत अंथरुणावर पडून हिंदुस्थानातल्या एका ग्रंथाचे नाव पाखराच्या तोंडून रोज सकाळी ऐकत होता. हर्न यांनी या भेटीबद्दल मोठ्या कृतज्ञतेने लिहिले आहे. त्या पाखराचे खाणे तयार करायलाच रोज कितीतरी वेळ जाई, हे सांगायलाही ते विसरलेले नाहीत. भेट म्हटली की तिच्याबरोबर तिची देखभालही आलीच.

त्याच सुमारास सेत्सु नावाची एक तरुणी त्यांच्या घरी आली. सामुराई घराण्यातली, पण घराण्याला ओहोटी लागलेली. तिच्याशी त्यांनी संसार मांडला आणि १८९१ च्या उन्हाळ्यात किल्ल्याच्या खंदकाजवळ एक जुना वाडा भाड्याने घेतला. पण थंडीचा धसका होताच, आणि बायकोच्या माणसांचीही जबाबदारी होती. दक्षिणेकडच्या कुमामोतो शहरात सरकारी उच्च विद्यालयात दुप्पट पगाराची जागा चालून आली, तेव्हा त्यांनी ती घेतली. मात्सुए सोडायचे ठरले.

निरोपाच्या भेटी सुरू झाल्या. जपानात प्रवासाला निघालेल्या माणसाला काहीतरी देण्याची रीत जुनी आहे. दोन्ही शाळांतल्या शिक्षकांनी मिळून मास्तरांना दोन मोठ्या बरण्या दिल्या. चिनी मातीच्या, उंचीने हातभर नव्हे तर चांगल्या दोन हात, जुन्या काळी इझुमोतल्याच राकुझानच्या भट्टीत घडलेल्या. त्यांच्यावर पक्षी, फुलांनी लवलेली झाडे आणि वाळूवर पळणारे गुलाबी खेकडे. बरोबर एक गुंडाळी, तीवर देणाऱ्या बत्तीस जणांची नावे. त्यांत तीन नावे शिक्षिकांची. आणि मग मुलांकडून ती तलवार आली. मुलांचे प्रतिनिधी ती घरी घेऊन आले आणि म्हणाले, “मास्तर, आत्ताच्या आत्ता शाळेत चला. सगळी मुले सभागृहात थांबली आहेत.”

आता ही तलवार म्हणजे काय, ते नीट ध्यानात घेतले पाहिजे. बंदीच्या हुकमाला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. म्हणजे वर्गातली बरीच मुले त्या हुकमाच्या आगेमागे जन्मलेली. त्यांच्या आजांनी तलवार लावली, बापांनी ती उतरवून ठेवली, आणि यांनी ती फक्त घरात पाहिली. सामुराईचा जीव त्याच्या तलवारीत असतो अशी तिथली समजूत. गरजेपोटी कितीतरी तलवारी त्या काळात बाजारात आल्या आणि योकोहामाच्या दुकानांतून गोऱ्या प्रवाशांनी त्या शोभेसाठी विकत नेल्या. तेव्हा परदेशी माणसाच्या घरी जपानी तलवार असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. पण विकत घेतलेली तलवार वेगळी आणि दोनशे एक्कावन्न मुलांनी वर्गणी काढून हाती दिलेली तलवार वेगळी. पहिली म्हणजे हरलेल्यांची वस्तू. दुसरीचा अर्थ असा, की ज्याला आम्ही आमच्यातला मानतो त्याला आम्ही आमचा जीव देतो.

आपल्याकडे गुरुदक्षिणेच्या गोष्टी पुष्कळ आहेत. रघुवंशातल्या कौत्साने गुरूला ‘दक्षिणा काय देऊ’ म्हणून इतके छळले, की गुरूने रागावून चौदा कोटी मागितले. एकलव्याची गोष्ट तर कोणालाही ठाऊक आहे. या दोन्ही गोष्टींत गुरू मागतो आणि शिष्य देतो. मात्सुएच्या गोष्टीत कोणी काही मागितले नव्हते. उलट देणाऱ्यांनी अशी वस्तू दिली, की घेणाऱ्यालाच तिचे उत्तर द्यावे लागले.

ते उत्तर हर्न यांनी सभागृहात दिले. त्यांचे भाषण त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात छापले आहे. तुमची सर्वांत प्रिय इच्छा कोणती, असे त्यांनी पूर्वी वर्गात मुलांना विचारले होते, आणि मुलामागून मुलाने लिहिले होते, ‘बादशहासाठी मरण यावे ही.’ यात नवल नाही. १८९० च्या ऑक्टोबरच्या ३० तारखेला बादशहांचे शिक्षणविषयक आज्ञापत्र निघाले होते आणि शाळाशाळांतून ते समारंभाने वाचले जात होते. प्रसंग आला तर देशासाठी स्वतःला वाहून घ्या, असे त्यात सांगितले होते. हातात तलवार घेऊन हर्न त्या इच्छेबद्दल बोलले. ती इच्छा पवित्र आहे, असे ते म्हणाले. देवघरातल्या समईसारखी ती जपून ठेवा, असेही म्हणाले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तुमच्यापैकी काही शिपाई होतील, काहींना मरावेही लागेल. परंतु बहुतेकांच्या वाट्याला तसा प्रसंग येणार नाही, आणि न येवो. तेव्हा दुसरी एक इच्छा धरा, तीही तितकीच थोर आहे: देशासाठी मरता आले नाही तरी देशासाठी जगायचे. भाषणाचा मतितार्थ असा.

कल्पना करा, समोर दोनशे एक्कावन्न मुले उभी आहेत, त्यांनीच दिलेली तलवार मास्तरांच्या हाती आहे, आणि मास्तर म्हणताहेत, जगा. ते सोपे नव्हते. ज्या वस्तूचा सारा अर्थ मरणाशी बांधलेला, ती स्वीकारून तिला जगण्याचा अर्थ देण्याचा तो प्रयत्न होता.

मरण मात्र त्या दिवसांत गावात खरोखरच आले होते. ते रणांगणावरचे नव्हते, पटकीचे होते. नॉर्मल स्कूलच्या वसतिगृहात पटकी शिरली. काही मुले आणि शिक्षक काही तासांत दगावले. बाकीच्यांना जवळच्या तामात्सुकुरी या गरम झऱ्यांच्या गावी हलवले, तर तिथेही साथ पोहोचली. शेवटी सर्वांना घरोघर पाठवून दिले. शाळेचे प्रमुख तेवढे आजारी मुलांची शुश्रूषा करीत इमारतीत राहिले. मरणाच्या दारात असलेल्या एका मुलाने, आपल्या खाटेजवळ प्रमुख येताहेत असे पाहून, नको नको म्हणत असता कोपरावर उठून त्यांना लष्करी सलाम केला, आणि लगेच प्राण सोडला, अशी हकीकत हर्न यांनी नमूद केली आहे. विद्यार्थ्याने गुरूला दिलेली ती शेवटची चीज. तिला ना म्यान, ना सिंह.

नोव्हेंबरात हर्न निघाले. सकाळी वाड्याच्या दारापुढे गणवेशातली जवळजवळ दोनशे मुले येऊन उभी राहिली होती. धक्क्यापर्यंत ती बरोबर चालत आली. सरोवरातल्या लहानशा आगबोटीने शिट्टी दिली, किनाऱ्यावरच्या टोप्या हलल्या, आणि मात्सुए मागे पडले.

इथे ही गोष्ट थांबवली असती तर ती गोड झाली असती. पण इतिहासाला गोडाची आवड बेताचीच.

१८९४ च्या ऑगस्टमध्ये चीन-जपान युद्ध जाहीर झाले. कुमामोतो हे लष्करी ठाणे; शहर शिपायांनी भरून गेले. एके दिवशी हर्न यांच्या दारी एक तरुण शिपाई येऊन उभा राहिला. मात्सुएतला त्यांचा जुना विद्यार्थी. कोरियाला जाण्यापूर्वी मास्तरांचा निरोप घ्यायला आला होता. वर्गात लिहिलेल्या त्या इच्छेची आठवण निघाली, आणि तो हसून म्हणाला, की ती इच्छा अजून आहे आणि आता संधीही आली आहे. पुढे युद्धात पडलेल्यांच्या यादीत त्याचे नाव आले. त्या रात्री घरातल्या म्हाताऱ्या नोकराने दिवाणखान्याच्या कोनाड्यात फुले ठेवली, दिवे लावले, उदबत्त्या पेटवल्या. मधे त्या मुलाचे छायाचित्र, पुढे भात, फळे, खाऊ यांचा लहानसा नैवेद्य. मग त्याने मालकांना बोलावले आणि सुचवले, की आपण त्याच्याशी बोललात तर त्याच्या आत्म्याला बरे वाटेल. आपले इंग्रजी त्याला समजेल. हर्न बोलले. काय बोलले ते त्यांनी लिहिलेले नाही. ते त्याच्यासाठी आणि देवांसाठी होते, एवढेच ते सांगतात. १८९५ मध्ये त्यांनी हा प्रसंग प्रसिद्ध केला. मथळा दिला तो ‘पुरी झालेली इच्छा’ अशा अर्थाचा.

या मथळ्यापाशी वाचक अडखळतो. ही इच्छा कोणाची पुरी झाली? मास्तरांनी जगण्याचा उपदेश केला होता, पण मरणाच्या इच्छेला पवित्रही म्हटले होते. मुलाने दोहोंतले कोणते ऐकले? हर्न यांचे जपानवर इतके प्रेम बसले होते, की त्या इच्छेच्या सौंदर्यापुढे तिच्यातला धोका त्यांना पुरता दिसला नसावा, असे आज म्हणावेसे वाटते. मात्सुएत त्या दिवशी उभी असलेली मुले पुढे आपल्या साठीत आली तेव्हा तोच देश चीनमध्ये खोलवर शिरला होता, आणि तीच इच्छा नातवांच्या वयाच्या मुलांकडून लिहवून घेतली जात होती. त्याचा दोष एका मास्तरांवर टाकणे अन्यायाचे होईल; ते १९०४ सालीच वारले होते. पण विद्यार्थी आपल्याला काय देतात हे पाहताना, आपण त्याबदली काय म्हणतो तेही मुले घरी घेऊन जातात, हे विसरून चालत नाही.

१८९६ मध्ये हर्न यांनी जपानचे नागरिकत्व घेतले आणि कोइझुमी याकुमो हे नाव धारण केले. त्याच वर्षी टोकियोच्या विद्यापीठात इंग्रजी वाङ्मयाचे व्याख्याते म्हणून त्यांची नेमणूक झाली. मात्सुएतला त्यांचा एक विद्यार्थी ओतानी मासानोबु हाही तिथे शिकायला आला होता. त्याची परिस्थिती ओढगस्तीची. हर्न यांनी त्याला दरमहा पैसे द्यायला सुरुवात केली, पण फुकट नव्हे. दर महिन्याला एक विषय ठरवून द्यायचा आणि त्याची माहिती ओतानीने जमवायची: गाणारे किडे, लोकांच्या तोंडची गाणी, म्हणी, जुन्या समजुती. स्वाभिमान राखून मदत करण्याची ही रीत होती. त्या माहितीतून हर्न यांच्या पुस्तकांतली कितीतरी पाने उभी राहिली. ओतानी पुढे स्वतः शिक्षक आणि हायकू लिहिणारा कवी झाला. इथे देणारा कोण आणि घेणारा कोण, हे तुम्हीच ठरवा.

आणि आता त्या सर्वांत अनोख्या भेटीकडे येऊ. टोकियोत हर्न व्याख्यान देत ते टिपणे न घेता. डोळ्यांना वाचन सोसत नव्हते, आणि मुलांचे इंग्रजी बेताचे. म्हणून सोपे शब्द निवडून, थांबत थांबत, मुलांना उतरवून घेता येईल अशा बेताने ते बोलत. टेनिसन, ब्राउनिंग, रॉसेटी यांच्याविषयी त्यांनी सहासात वर्षे अशी व्याख्याने दिली आणि मुलांनी ती शब्दन्‌शब्द उतरवून घेतली. स्वतः हर्न यांच्यापाशी त्यांचा कागद म्हणून नव्हता. १९०३ मध्ये विद्यापीठाने त्यांना मोकळे केले. परदेशी शिक्षकांचे दिवस संपत आले होते; विलायतेहून शिकून आलेले जपानी प्राध्यापक आता त्या जागांवर यायचे होते. हर्न यांच्या जागी जे आले त्यांत नात्सुमे सोसेकी होते, पुढे जपानचे फार मोठे कादंबरीकार झालेले. विद्यार्थ्यांनी हर्न यांच्यासाठी पुष्कळ गलबला केला, पण तो फुकट गेला. पुढल्याच वर्षी, २६ सप्टेंबर १९०४ रोजी, हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या पश्चात विद्यार्थ्यांनी आपापल्या पेट्यांतून वह्या काढल्या. एकाकडे एका वर्षाची, दुसऱ्याकडे दुसऱ्या. त्यांच्या नकला हर्न यांचे अमेरिकन स्नेही मिचेल मॅकडॉनल्ड यांच्याकडे गेल्या, आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक जॉन अर्स्किन यांनी त्या संपादित केल्या. १९१५ मध्ये दोन खंड निघाले. १९१६ मध्ये आणखी एक, १९१७ मध्ये आणखी एक. पुढे १९२७ मध्ये टोकियोत इंग्रजी वाङ्मयाचा इतिहासही त्याच वह्यांवरून छापला गेला, आणि तो सिद्ध करणारे त्यांचेच विद्यार्थी होते. हर्न यांनी एक ओळही लिहिली नव्हती अशी ही पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. जपानी मुलांनी परक्या भाषेत, शाईने बोटे काळी करीत, जे ऐकले ते उतरवले आणि ते जसेच्या तसे परत केले. गुरूचे बोलणे गुरूलाच देऊन टाकायचे, ही दक्षिणा काही लहान नव्हे. तलवारीला गंज चढतो, पाखरू मरते, बरणी फुटते. बोललेला शब्द तर हवेतच विरायचा. तो राहिला तो या मुलांमुळे.

एक शेवटची गोष्ट सांगतो. १९२३ च्या भूकंपाने आणि आगीने टोकियो उद्ध्वस्त झाले. हर्न यांचा ग्रंथसंग्रह सुदैवाने वाचला, पण तो सुरक्षित जागी हलवावा असे घरच्यांना वाटू लागले. हर्न यांचे चरित्रकार आणि जुने विद्यार्थी तानाबे र्‍युजी यांचे वडील बंधू तेव्हा तोयामा शहरात नव्या निघणाऱ्या उच्च विद्यालयाचे प्रमुख होत होते. धाकट्या भावाने शब्द टाकला, तिथल्या जहाजांचा व्यापार करणाऱ्या एका घराण्यातल्या बाईंनी पैसा दिला, आणि १९२४ मध्ये सुमारे अडीच हजार पुस्तके तोयामाला गेली. आजही ती तिथल्या विद्यापीठात हर्न यांच्या नावाने नीट लावून ठेवलेली आहेत. त्यांतले कोणतेही पुस्तक उघडले तर लक्षात ठेवावे, की ते वाचणाऱ्याला एकच डोळा होता, तोही अधू. आणि त्याने जे वाचले ते दुसऱ्यांच्या पोरांना थांबत थांबत, उतरवून घेता येईल असे सांगितले होते.